दादाची पहिली नोकरी
वॉर्निशचा वास आला की मला दादा कामाला होता ते इंदूरमधलं मोटर वाइंडिंगचं दुकान आठवतं. बाबांची मिल बंद पडली होती आणि आता घरात कमावणारा दादा एकटाच होता. तो फारसा बोलायचा नाही, कुणी अंगाला हात लावलेला त्याला सोसायचा नाही, पण मोटरीत तांब्याच्या तारेचे वेढे घालण्यात तो रमायचा. त्या दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर नवा ग्राइंडर कर्कश सुरू होता आणि दादा कान दाबून भिंतीवर डोकं आपटत होता. एक गिऱ्हाईक त्याला धरायला धावलं. "भिया, हात लावू नका," मी त्याला इंदुरी पद्धतीनं म्हणाले, "आधी ती मशीन बंद करा." "पागल है, निकालो इसको," गिऱ्हाईक मालकांना म्हणालं. मालकांनी बटण दाबून ग्राइंडर बंद केला. कुणी दादाजवळ गेलं नाही. हळूहळू दादाचं डोकं थांबलं, श्वास संथ झाला. नोकरी गेलीच, असं समजून मी त्याच्या चपला उचलल्या. "रहने दो, ताई," मालक म्हणाले, "ग्राइंडर उद्या मागच्या खोलीत हलवतो." दादाने पुढची सगळी नोकरी तिथंच केली, ऑटिझम हा शब्द आम्हाला खूप वर्षांनी कळला.