घोंगड्यावरून उचललेली कातर

आमच्या भावकीत खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं निरवांगीला थोरल्या चुलत्यांच्या घरी एका घोंगड्यावर मांडतात. कोयते, कुऱ्हाडी, खुरपी आणि मेंढरांची लोकर कातरायच्या कातरी. मेंढरं आता एका चुलतभावाकडंच उरलीत. मी ऊस लावतो. पण बापाची कातर मी पेटीत जपली होती. नव्वद साल उलटून गेल्यावर एका वर्षी ती पहिल्यांदा पूजेला नेली.

त्या मेंढरंवाल्या चुलतभावानं ती उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्यांदेखत उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली.

"ही माझ्या बापाची. हरवली म्हणून म्हातारा मरेस्तवर हळहळला. चोरीचं हत्यार देवापुढं नगं."

म्हणजे माझा बाप चोर! दोघा भावांच्या कातरी एकाच लोहाराच्या, दिसायला सारख्या. मी दोन इयत्ता शिकलेला, कातर कधी चालवलेली नाही. कातर उचलली आणि न जेवता अंथुर्ण्याला घरी आलो. त्या दिवसापासून घास गोड लागला नाही.

बारामतीच्या बाजारात एक म्हातारा कातरकरी बसायचा, जन्मभर लोकांची मेंढरं कातरलेला. त्याला ती दाखवली. त्यानं उजव्या हातात धरली, दोनदा दाबली, तोंड वाकडं केलं. मग डाव्या हातात घेतली आणि हसला.

"बाप डावरा व्हता का रं तुजा?"

बाप गेला तेव्हा मी लहान होतो. पण त्याची चापट माझ्या उजव्या गालावर बसायची, हे पक्कं आठवत होतं.

"व्हय आबा," मी म्हणालो.

"मग ही त्याचीच. पाती उलटी बसवलीत. उजव्या हाताला ही चालायची न्हाय."

मी कुणाला काही सांगितलं नाही. दिवाळीनंतर चुलतभावाची मेंढरं नीरा नदीत धुतली आणि कातरणीला सगळी भावकी जमली. मी कातर त्याच्यापुढं धरली.

"तुज्या बापाची हाय ना? कातर की मग एक मेंढरू."

कातरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऐटीत बसला. पण लोकर तुटेना, पात्यांत दुमडून अडकायला लागली. मेंढरू ओरडलं. पोरी फिदीफिदी हसल्या.

"धार गेलीय," तो म्हणाला.

"हात बदल."

डाव्या हातात घेतली तशी लोकर सरासरा उतरली. थोरले चुलते बाजेवरून माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आमा तिघा भावांत डावरा एकच व्हता. ह्याचा बाप."

चुलतभाऊ मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माजं. सोडून दे आता."

सोडतोय कशाला! मी सांगितलं, इथून पुढं दर खंडेनवमीला ही कातर तू धुवायची, हळदकुंकू तू लावायचं आणि सगळ्यांच्या मधोमध तू मांडायची. चुलत्यांनी मान डोलावली. तेव्हापासून दरवर्षी तो मांडतो आणि मी समोर बसून बघतो.

परवाच्या खंडेनवमीला त्याची बायको आली.

"भावजी, त्यांची कंबर धरलीय. औंदा तुमीच उरका."

"वहिनी, हळद कालवून ठेवलीय," मी म्हणालो. "आमी थांबतो."

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा तो काठी टेकत आला. खाली बसायला त्याला दोघांनी धरावं लागलं. मी हळदीची वाटी पुढं सरकवली.