कॅमेऱ्याचा खटका आणि उजवी पाकळी

‘बायकोला घरी ठेवून कॅमेऱ्याला फिरायला नेणारा नवरा आजच पाहिला,’ बायको दारातून म्हणाली. मी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग आवळत होतो. खोटं कशाला बोला, तिचं बरोबरच होतं. फुल फ्रेम डीएसएलआर, दोन लेन्स आणि चार्जर एवढं सामान घेतल्यावर माणसाला जागा उरतेच कुठे!

तुमच्यातले बरेच जण विचारतात, एवढं धूड प्रवासात न्यावं का? सांगतो, पण आधी माझी गोव्याची फेरी ऐका.

कोल्हापूरहून पहाटे निघालो. आंबोली उतरून सावंतवाडीला चहा घेतला, बांद्यावरून पेडणे गाठलं आणि दुपारी हरमल. खोली किनाऱ्याला लागून घेऊ नका. दोन गल्ल्या आत शिरलात तर निम्म्या भाड्यात मिळते आणि रात्री झोपही लागते.

संध्याकाळी होड्यांचे फोटो काढायला गेलो. जाळं विणत बसलेल्या एका काकांनी लेन्सकडे निरखून पाहिलं.

“ह्यात मासे गावतत काय?”

“नाही हो, माणसं गावतात.”

“मगे तुमचा बरा आसा. आमका हल्ली दोनूय गावनत नाय.”

म्हणाले आणि लगेच केसांवरून हात फिरवून ताठ बसले. मोठ्या कॅमेऱ्याची ही पहिली खोड. मोबाइलसमोर माणूस माणसासारखा राहतो, हा बाहेर काढला की लग्नात उभा राहिल्यासारखा होतो. बाकी सूर्य बुडाल्यानंतरही वाळूवरच्या दोरखंडाचा पीळन् पीळ त्याने टिपला. बॅटरी तर तीन दिवसांत मी एकदाही चार्ज केली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला पातळ भाजी आणि गरम उंडे खाल्ले. उंडा म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, भाजीत बुडवला की स्वर्ग. तिथून उगाचच वाकडी वाट करून पाळीला गेलो, खाणीचा तांबडा डोंगर बघायला. आणि अतिशहाण्यासारखी तिथेच, वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली. आत धूळ गेली ती गेलीच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आकाशात तीन काळे ठिपके असतात. खाणीच्या भागात लेन्स बदलू नका रे बाबांनो.

दुपारी लाटंबार्शाला आत्याकडे पोचलो. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सावंतवाडीहून लग्न होऊन इथे आली, ती इथलीच झाली. आतोबा गेल्यापासून घरात एकटी. मागे काजूची बाग, पुढे भाताचं शेत. मुलगा पुण्यात. ‘आई, आता इकडेच ये’ म्हणून दोन वर्षं मागे लागलेला. आत्या टाळत होती. शेवटी त्याला म्हणाली होती, “देवी सांगात तसा करतंय.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवीला विचारणार होती.

“तू इलंस ता बरा झाला. एकटी जावक भिया वाटता,” ती मला म्हणाली. कधी नव्हे ती आत्या रात्री जेवली नाही.

आमच्याकडे देवाला कौल लावतात हे अनेकांना ठाऊक असेल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मांडायचा आणि कुठली पाकळी आधी पडते याची वाट बघायची. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, “पुण्याक जाण्यात हिचा भला आसात तर उजवी दी, हय रवण्यात आसात तर डावी दी.” फोटोला त्यांची हरकत नव्हती, फक्त फ्लॅश नको. तर फ्लॅश हवाय कुणाला! दोन समयांच्या उजेडात असा फोटो काढावा तर ह्याच कॅमेऱ्याने. आत्याचे जोडलेले हात आणि मागे देवी, दोन्ही चौकटीत घेतलं. देवळात इतकी शांतता की समईची वात तडतडलेली ऐकू येत होती. आत्याच्या हातांवर नजर ठेवून मी बटण दाबलं.

खटॅक!

ह्या कॅमेऱ्याच्या आत आरसा असतो. फोटो निघताना तो वर उडतो, त्याचा हा आवाज. त्या क्षणी फोटो काढणाऱ्याला समोर काळोख दिसतो. काळोख सरला तेव्हा देवीच्या उजव्या खांद्यावर पाकळी नव्हती.

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आत्याचं घर, बाग, सगळं माझ्या एका बोटाने गेलं!

“ह्याच्या दणक्यान पडली काय गे?” भटजींनी आत्याला विचारलं.

आत्याने देवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “तसाच दिसता.”

भटजींनी पाकळ्या पुन्हा लावल्या. मी कॅमेरा बॅगेत कोंबून चेन ओढून घेतली. बराच वेळ गेला आणि डावी पाकळी अलगद खाली आली. आत्या रडली, हसली, घरी येऊन तिने भाज्यांचं खतखतं केलं आणि मला तीनदा वाढलं. देवीने डावी दिली म्हटल्यावर पुण्याचा मुलगाही फोनवर ‘बरं’ म्हणाला.

त्याच दुपारी दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढून घरी आलो. हा रस्ता जवळचा, पण चढ उभा आहे, ब्रेक तपासून घ्या.

घरी मोठ्या पडद्यावर तो फोटो उघडला. काय फोटो आलाय! आत्याच्या बांगडीवरचा ओरखडासुद्धा दिसतो. आणि देवीच्या पायाशी उजवी पाकळी, स्वच्छ, जमिनीवर टेकलेली. आरसा उडणं आणि फोटो उमटणं यात पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. म्हणजे खटका व्हायच्या आधीच पाकळी पडलेली होती. देवीने जा म्हणून सांगितलं होतं.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आत्याला सांगावं तर तिचं घर जातं, न सांगावं तर देवीशी खोटेपणा. शेवटी बायकोच म्हणाली, “फोन करा आणि मोकळे व्हा.” केला. अडखळत अडखळत सगळं सांगितलं.

पलीकडे आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग खुदकन हसली.

“बाबू, तुका थय काळोख दिसलो. माझे डोळे उघडेच होते रे.”