डावा हात खिशात

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोण सांगून राह्यलं?" माझा स्वभावच शंकेखोर. भाजीवाल्याचा काटाही मी वाकून बघतो. वसंता यावरून मला आयुष्यभर चिडवत आला... आता कोण चिडवणार?

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं सिंदेवाहीच्या एका शाळेत मास्तर होतो. वसंताकडे पिनबॉलचा लाकडी बोर्ड होता. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोटी कडेनं वर जायची, मग खिळ्यांना ठेचकाळत खाली यायची. मधल्या वाटीत पडली तर जिंकलात, तळाच्या नालीत गेली तर संपलं. वसंताची गोटी हटकून मधे. मला पक्का संशय, हा डाव्या तळव्यानं बोर्डाला हळूच धक्का देतो. धक्का कधी दिसला नाही, पण माझा संशयही गेला नाही.

एका वर्षी दोघांपैकी एकाला बदलीवर दूर सिरोंच्याला जावं लागणार होतं. हेडमास्तर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. माझी आई अंथरुणाला खिळलेली, वसंताचं नुकतंच लग्न झालेलं. वसंताच म्हणाला, बोर्डावर ठरवू, हरेल तो जाईल. मी अट घातली, डावा हात खिशात. तो हसला आणि घातला. माझी गोटी कडेच्या वाटीत अडकली. त्यानं दांडा पूर्ण ओढला, असा तो कधीच ओढत नसे, आणि गोटी सरळ नालीत गेली.

तो सिरोंच्याला गेला. आई माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. पुढे भेटला की मी विचारायचो, "मुद्दाम हरला का बे?"

"तूच त हात खिशात घालाले लावला. आता काऊन इचारून राह्यला?"

मागच्या महिन्यात वसंताच्या घरी सांत्वनाला गेलो तर वहिनींनी तो बोर्ड माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा भाऊजी. तिकडं सिरोंच्याले रोज संध्याकाळी याच्यापुढंच बसत. डाव्या हातात चहाचा कप, उजव्यानं दांडा. गोटी मधातच जाये."

बोर्ड आता माझ्या खिडकीपाशी आहे. संध्याकाळी मी डावा हात खिशात घालतो आणि दांडा ओढतो. गोटी मधल्या वाटीत एकदाही गेलेली नाही. म्हणजे एका हातानं जमतच नाही, वसंता खरंच हरला होता, असं मी स्वतःला समजावून पाहतो... पण मला नाई पटत, वसंता.