चौकटच्या छक्कीची प्रतवारी

आमच्या मामाजींनी आजवर एकही गोष्ट, मग ती परमेश्वरानं केलेली असो की त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. त्यांची उभी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेली. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका उपसून काढायचा, दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचा, धागा किती लांब जातो ते पाहायचं, मुठीत दाबून ओल बघायची, आणि गाडीवाला डोळ्यांत प्राण आणून बघत असताना तोंडावरची रेषही न हलवता सांगायचं: सुपर, फेअर किंवा परत न्या. नोकरी संपली, पण अंगठे काही रिटायर झाले नाहीत. मामाजी पोळीसुद्धा तोडण्याआधी ताणून बघतात. नवीन टॉवेल, शेजाऱ्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका, बँकेतून आणलेली कोरी नोट, काहीही त्या अंगठ्यांतून सुटत नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून अशी काही ओढली की माझा खांदा एका बाजूला झुकला आणि हातातला चहा बशीत आला. "टेरिकॉट हाय," भाचीला आत ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "पन चालते. फेअर." लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरीचं लग्न झालं, मी आजोबा झालो, तो शेरा काही वर सरकलेला नाही.

मामाजी दारव्ह्याला एकटेच राहतात. मामी गेल्यानंतर काही वर्षं त्यांची संध्याकाळ रमीवर निभावली. चौघांचा अड्डा होता. एक मुलाकडे पुण्याला गेला, दुसरा त्याहून लांब गेला, आणि तिसऱ्याला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बदाम आणि चौकट सारखेच दिसू लागले. मामाजींच्या हातात पत्ते उरले आणि समोर कोणी उरलं नाही. एकट्यानं लावायचा पेशन्सचा डाव त्यांनी एकदा मांडून पाहिला आणि मला फोन करून त्याचा निकाल कळवला. "सोताच वाटाचं, सोताच उचलाचं, सोताच हाराचं. हे तं मी बिनपत्त्याचंही करूनच राह्यलो, जवाईबुवा."

त्यानंतर त्यांनी मोबाईलवरून जादूचा कॅट मागवला. दिसायला साधा, बावन्न पत्त्यांचा. पण त्यातले अर्धे पत्ते म्हणजे एकच पत्ता, चौकटची छक्की, आणि त्या सगळ्या छक्क्या बाकीच्या पत्त्यांपेक्षा केसभर आखूड. एकाआड एक लावलेल्या. अंगठ्यानं कॅट फर्रकन सोडला की लांब पत्त्यांमागे आखूड पत्ते लपतात, आणि पाहणाऱ्याला राजा, राणी, एक्का, सगळं नेहमीसारखं दिसतं. त्यानं मधे कुठंही बोट घातलं की हाती येते ती छक्कीच. शेवटी दुसऱ्या बाजूनं कॅट सोडला की वरपासून खालपर्यंत छक्की, छक्की, छक्की. खोक्यावर छापलं होतं, ‘पाहणारा थक्क होईल.’ आता ज्या माणसानं आयुष्यभर "साहेब, माल पाहा, एक नंबर हाय" हे ऐकून त्यावर तसूभर विश्वास ठेवला नाही, तो खोक्यावर कसा ठेवणार? हा दावा तपासायचा, त्याला प्रत द्यायची, असं मामाजींनी ठरवलं. त्यासाठी थक्क होणारा एक माणूस हवा होता. पहिला प्रयोग तांड्यावरून टोपलं घेऊन येणाऱ्या भाजीवालीवर झाला. तिनं कॅटात बोट घातलं, छक्की पाहिली, परत ठेवली आणि म्हणाली, "पत्ता कोनताही असो साहेब, वांगे घेता का नाई ते सांगा. ऊन होऊन राह्यलं." मामाजींनी वांगी घेतली आणि मला फोन लावला. "जवाईबुवा, माल आला हाय. पाहाले या."

मी यवतमाळला असतो, आणि सध्या मीही एकटाच. बायको पोरीच्या बाळंतपणासाठी चार महिन्यांच्या बोलीवर पुण्याला गेली. ते बाळ आता वर्गातल्या दुसऱ्या बाळाला चावल्याबद्दल शाळेची चिठ्ठी घरी आणतं. तरी मी सगळ्यांना हेच सांगत असे की मामाजींना बिचाऱ्यांना कोणी नाही हो, म्हणून रविवारचा जातो. हे सांगताना माझा चेहरा दानशूर माणसासारखा होतो, असं मला वाटत असे. मग वडापच्या जीपमध्ये कोणाच्या तरी गुडघ्यावर अर्धा आणि सोयाबीनच्या पोत्यावर अर्धा बसून मी दारव्हा गाठायचो आणि थक्क व्हायला सज्ज व्हायचो.

पहिल्या रविवारी मी फार मनापासून थक्क झालो. "अरे बापरे" म्हणालो, टाळ्या वाजवल्या, कपाळावर हात मारला. मामाजींनी कॅट खाली ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे कापसाच्या गाडीकडे बघावं तसं बघितलं. "ओल हाय," ते म्हणाले.

"कशात?"

"तुमच्या तोंडावर. हे नवल नाई, जवाईबुवा, ही कीव हाय. मालात पानी मारलं का वजन वाढते, पन माल जाते. परत."

पुढच्या रविवारी पुन्हा. या प्रतवारीचे नियमच निराळे होते. नवल तोंडावर किती वेळ टिकतं, तो धागा. मामाजींची मधली बडबड, ती काडीकचरा. माझी कीव, ती ओल. कधी उजेड वाईट पडला म्हणून माल परत जायचा, कधी माझी खुर्ची तिरपी होती म्हणून, कधी जिलबी खाल्लेल्या बोटांनी मी पत्ता धरला म्हणून. मी घरी आरशासमोर भुवयांचा सराव केला. तो इतका पक्का झाला की एकदा मामाजींनी पत्ता उलटण्याआधीच माझा जबडा खाली आला. "थांबा जरा," ते शांतपणे म्हणाले, "अजून दाखवाचा हाय." आणि एका रविवारी तर मी कहरच केला. पत्ता काढला, पाहिला, परत ठेवला, आणि पोरीकडचा गिझर बिघडलाय तो नीट करायला कोण येईल या विचारात गढलो. "कोनता होता?" मामाजींनी विचारलं. मला काही केल्या आठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बदामचा राजा."

मामाजींचा हात हवेतच राहिला. ज्या कॅटातून छक्कीशिवाय काही निघूच शकत नाही, त्यातून जवायानं राजा काढला होता. त्या दिवशी थक्क झाले ते मामाजी. दुपारभर त्यांनी एकेक पत्ता उन्हात धरून तपासला, आखूड-लांब पुन्हा जुळवून पाहिले. मी शेजारी बसून लिंबाचं सरबत पीत होतो आणि खरं सांगायची माझी छाती होत नव्हती. शेवटी त्यांनीच कॅट बाजूला ठेवला. "असन काही," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पाहू." आता वाटतं, ते सारं त्यांना तेव्हाच कळलं असावं. माणसाचं लक्ष कुठं आहे हे ज्याला कळत नाही, तो ग्रेडर कसला?

दिवाळी जवळ आली होती. त्या रविवारी मी जीपमध्ये असतानाच बायकोचा फोन आला. बाळाला सर्दी आहे, पोरीला सुटी नाही, यंदा यायचं जमत नाही, तुम्हीच इकडे या. शेजारचा माणूस मोबाईलवर मोठ्यानं गाणी ऐकत होता, त्यामुळे मी "हो हो" एवढंच म्हणालो. मामाजींच्या समोर जाऊन बसलो तेव्हा ना भुवयांची तयारी होती, ना जबड्याची. बोट घाला म्हणाले, घातलं. छक्की निघाली. परत ठेवली. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं कॅट सोडला. छक्की, छक्की, छक्की. या ट्रिकचं पोट मला ठाऊक होतं, मामाजींनीच फाडून दाखवलं होतं. तरी त्या दिवशी मी त्या पत्त्यांकडे बघतच राहिलो. आपलं यवतमाळचं घर असंच आहे, असं मनात आलं. वरून बघणाऱ्याला वाटतं, सोमवार आहे, गुरुवार आहे, सणवार आहेत. कुठंही बोट घाला, निघतं ते एकच. माझं तोंड उघडं पडलं होतं हे मला मामाजींचा आवाज आल्यावर कळलं.

"सुपर," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला की माझी अक्कल, जी एरवीही फार जवळ नसते, पूर्ण सुटली. मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणालो, "चला मामाजी, सुटलो बुवा एकदाचे आपण दोघंही."

त्यांनी कॅट सारखा केला, त्याला रबर लावलं, खोक्यात घातला. "हो," ते म्हणाले. "सुटलो." मग मला जीपपर्यंत सोडायला आले आणि वाटेत दोनदा विचारलं की पुण्याची गाडी आता कोणत्या वेळेला असते.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी उशिरापर्यंत झोपलो आणि त्याला चैन असं नाव दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी पंख्याची पाती पुसली. दिवाळीला पुण्याला जाऊन आलो, तिथं सगळे आपापल्या कामात होते, लवकरच परतलो. त्याच्या पुढच्या रविवारी शेजाऱ्याला म्हटलं, जरा माझ्या मोबाईलला रिंग देऊन बघा हो, बिघडलाय वाटतं. त्यानं रिंग दिली. व्यवस्थित वाजला. त्याच दिवशी बायकोनं विचारलं, "मामाकडं जात नाई का आजकाल?"

"ट्रिक पास झाली ना," मी म्हटलं. "आता काय काम?"

तिनं उलट विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं होतं आ वासाले?" मग म्हणाली, "मामा मले म्हणे, जवाईबुवा थकले येऊ येऊ. सुटलो म्हणत होते. मंग मी बलवू कायले."

मला वाटत होतं तपासणी त्या छक्कीची चालली आहे. इतके रविवार मामाजी एक तयार झालेला माल हातात धरून मुद्दाम नापास करत होते, आणि मी येडा तो पास कसा होईल म्हणून आरशासमोर तोंडं करत होतो. आणि शेवटी पास झाला, तेव्हा त्यांनी खोटं सांगायला हवं होतं. पण नोकरीभर ज्यानं चांगल्या मालाला वाईट म्हटलं नाही, त्याच्या तोंडून ‘सुपर’ निसटून गेलं.

मग मीही एक जादूचा कॅट मागवला. यात पाहणाऱ्यानं निवडलेला पत्ता आपोआप वर सरकत येतो, आत बारीक रबर असतं. रविवारी न कळवता दारव्ह्याला गेलो. मामाजींनी दार उघडलं. दुसऱ्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता, तो उचलून पलंगावर टाकला. मी बसलो आणि म्हटलं, "मामाजी, माल आणलाय. तुमची नजर हवी."

त्यांनी पत्ता निवडला, मी कॅटात घातला, मंत्र म्हटला. पत्ता आपोआप वर येण्याऐवजी सुटला तो सरळ छतापर्यंत गेला आणि खाली येताना कपाटामागे पडला. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. पत्ता मिळाला, त्याबरोबर दोन पेनं आणि मामींची एक केसांची पिन मिळाली. मामाजींनी ती पिन धोतराला पुसून फळीवर ठेवली. मग पत्ता दोन्ही अंगठ्यांत धरून बराच वेळ बघत बसले.

"मग?" मी विचारलं. "सुपर, फेअर, की परत?"

"आज नाई सांगत," मामाजी म्हणाले. "अशा मालाचा निकाल एका पाहन्यात देत नसतेत. पुढच्या रविवारी पाहू."

तो निकाल अजून लागलेला नाही. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. फक्त रविवारी सकाळी त्यांचा फोन वाजला की मी तो जरा वाजू देतो. लगेच उचलला तर त्यांना कळेल की मी तो हातात धरूनच बसलो होतो.