प्लास्टिकमधली नोट

दळवीकाकांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, याची आधीच माफी मागतो. त्यांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे, चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. ते दुबईत ज्या कंपनीत नोकरीला होते, तिथल्या स्टोअरकीपरचा मी मुलगा. आणि त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू खराब करणाराही मीच. दीड महिन्यापूर्वी ते वारल्याचं पुण्याहून कळलं, तेव्हा रडू येण्याआधी मनात आलं... माफी मागायची राहूनच गेली.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. राहायला अल कुसैसला, दिवसा रोल्ला भागातल्या टायपिंग सेंटरमध्ये अर्ज टाइप करण्याचं, झेरॉक्स-लॅमिनेशनचं काम आणि पोस्टाने बी.कॉम. अकाउंट्स अडलं की शुक्रवारी अल मनखूलला काकांकडे जायचो. शिकवून झालं की ते एक फाइल काढायचे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत गावोगावच्या छोट्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. काका पत्रव्यवहार करून त्या जमवायचे. चित्राकडे त्यांचं लक्षच नसे. बघायचे ती सही, बँकेच्या माणसाने शाईने केलेली. दुबईला येण्याआधी ते स्वतः तालुक्याच्या सहकारी बँकेत कारकून होते. "बघ, ह्या गृहस्थाची सही इथे घसरलीय. जेवून लगेच बसला असणार!" आतून काकू म्हणायच्या, "मुलीचं प्रगतिपुस्तक आठवडाभर सहीसाठी पडलंय, तेही बघा."

एकदा ती घसरलेल्या सहीची नोट त्यांनी मला झेरॉक्ससाठी दिली. शाई फिकट होत चालली होती. आमच्याकडे जपायचा कागद म्हणजे लॅमिनेट करायचा. माझी मार्कशीट, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं तसंच. मी नोट लॅमिनेशनच्या मशीनमधून काढली आणि मोठ्या अभिमानाने नेऊन दिली. काका ती बराच वेळ उलटसुलट करत राहिले...

"किती लागतात रे याला?"

"पाच दिरहम. पण मी फुकट केलं, काका."

"म्हणजे साठेक रुपये वाचवलेस माझे," ते हसले आणि माझी वही पुढे ओढली.

पुढे दुकानात आलेल्या एका नोटा जमवणाऱ्याने सहज सांगितलं, प्लास्टिकमध्ये गेलेली नोट कोणी हातात घेत नाही. त्यानंतर मी अल मनखूलला गेलो नाही. पास झाल्याचे पेढेसुद्धा बाबांच्या हाती पाठवले. काका कायमचे पुण्याला निघाले, तेव्हाही एअरपोर्टवर गेलो नाही.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या मुलीला, मानसीला, धीर करून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"ओ गॉड, ती नोट तू केलीस?" ती चक्क हसली. "अरे, माझ्या ॲडमिशनसाठी बाबांनी दुबईतच सगळं कलेक्शन विकलं. आय फेल्ट सो बॅड. डीलरने तेवढी एक परत दिली, प्लास्टिकवाली नको म्हणाला. बाबा घरी आले ते हसतच. आईला म्हणाले, 'खलास! ही आता कोणी नेत नाही. पोराने वाचवली बघ.' मग वाचतील त्या पुस्तकात खुणेला तीच असायची. शेवटच्या पुस्तकात अजून आहे... थांब, बघून सांगते." पानं उलटल्याचा आवाज आला. "हो, आहे. सही दिसतेय."