प्लेटवरचा पांढरा ठिपका

पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळी मला सातव्या महिन्यातच दर्यापूरला माहेरी आणलं. पोट जरा जास्तच मोठं दिसत होतं. जुळं असेल या शंकेने आई मला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, त्यांनी एक्स-रे काढायला लावला. नर्सने बांगड्या, पोत, पदराची सेफ्टी पिनसुद्धा काढून घेतली.

डॉक्टरांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. "मूल एकच आहे," म्हणाले आणि प्लेट डोळ्यांजवळ नेली. बाळाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. हाडात काही आहे की काय, आत्ताच सांगता येत नाही. पुन्हा काढा म्हटलं, तर किरण बाळाला बरे नाहीत. म्हणजे भीती घालायला एक प्लेट पुरते, घालवायला दुसरी मिळत नाही.

बसमध्ये मी रडत होते आणि एरवी मला दटावणारी आई खिडकीबाहेर बघत होती. मला तिचा संताप आला.

घरी आल्यावर तिने माझा परकर मागितला, ब्लेडने नेफा उसवला आणि लोखंडाचा नखाएवढा तुकडा काढून बाबांसमोर ठेवला. दृष्ट लागू नये म्हणून मला न सांगता शिवलेला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबांनीच घरातले देव नदीत सोडले होते, आमचे गंडेदोरे स्वतःच्या हाताने कापले होते.

"काहून शिवलं हे?"

"पोरीचं पयलं गेलं. मले भेव वाटून रायलं होतं. तुमाले सांगतलं असतं तर शिवू देलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी बाबा तो तुकडा खिशात घालून अकोल्याला गेले. सभांमधून लोकांना गंडे तोडायला सांगणाऱ्या माणसाला डॉक्टरसमोर हे सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, त्याचाच ठिपका असेल, पण छातीठोक सांगता येणार नाही.

मग बाळंतपणापर्यंत आमच्या घरात नुसती घुसमट. आईला जेवण जाईना, बाबा तिच्याशी बोलेनात, आणि मी दोघांवर चिडलेली. पोटात बाळ हललं तरी मला धस्स व्हायचं.

मुलगी झाली. बाबांनी मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. हात धुऊन आले आणि तिच्या डोक्यावरून हळूहळू बोटं फिरवत राहिले, कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मग आईकडे वळले.

"काई नाई वं. डोस्कं चांगलं हाये."

इतक्या दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले. आई दारातच बसली आणि मोठ्याने रडली.