पूजेआधी ती फक्त खोली होती

मी देवघरातून बाहेर आले आणि काकूंनी माझ्या मागे गोमूत्र शिंपडलं.

घाईत नाही. रागानंही नाही. लहान तांब्यात बोटं बुडवून, मी जिथे जिथे उभी होते तिथे तिथे. आधी उंबरा. मग कोनाड्याखालची फरशी. मग संगमरवराची ती कड, जिच्यावर मी तळहात टेकवला होता. ती कड मीच गोल करून घेतली होती. कुणाला लागू नये म्हणून.

हॉल पाहुण्यांनी भरलेला. बशा हातातच राहिल्या. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

जळगावातलं ते घर काकूंचं, सजवलेलं आमच्या ऑफिसनं. ऑफिस सरांचं, देवघर माझं. उन्हाळाभर मी तिथे जात होते. त्या रिकाम्या खोलीत मांडी घालून बसले, भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या, तिथेच डबा खाल्ला. फरशीवाले, सुतार, प्लंबर, सगळे तिथे पाय पसरून जेवले. काकू स्वतः चहा आणून द्यायच्या. कुणाला काही विचारलं नाही. पूजा होईपर्यंत ती फक्त खोली असते. वास्तुशांत झाली की खोली माणसं निवडायला लागते.

काकूंना मी आवडायचे. "किती छान इंग्रजी बोलते! आणि किती शांत!" सरांना सांगायच्या. इंग्रजी बोलते म्हणजे आपल्यातलीच, असं त्यांनी धरून चाललं होतं. मी काही म्हणाले नाही. मी तशीही कमी बोलते.

इंग्रजी शाळेत मला मोफत जागा मिळाली होती. तिथे 'माझं घर' हा निबंध पाठ करून घेतला. ड्रॉइंग रूम, डायनिंग रूम, गेस्ट रूम. असोद्यात आमची एकच खोली. बाप केळीच्या गाड्या भरतो. मी सगळ्या खोल्या पाठ केल्या. शेरा मिळाला, 'व्हेरी गुड'.

पुढे हेच काम शिकले. आत शिरल्यावर माणसाची नजर आधी कुठे थांबेल ते ठरवायचं, बाकीचं सामान त्याच्या मागे उभं करायचं. चालायला वाट सोडायची. सगळा उजेड एका ट्यूबलाइटवर टाकायचा नाही. काही वरून, काही बाजूनं, काही लपून यावा. आणि जे त्या खोलीत शोभत नाही ते बाहेर काढायचं.

आधी आमच्याच घरात करून पाहिलं. दारासमोरचं लोखंडी कपाट बाजूला सरकवलं. दार उघडताच भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसायला लागला. आई म्हणाली, "घर मोठं झालं वं." घर तेवढंच होतं.

काकूंच्या घरात नजर देवघरावर थांबावी असं मी ठरवलं. मूर्तीच्या मागे, दिसणार नाही अशी दिव्यांची पट्टी लावली. भिंतच उजळल्यासारखी वाटायची.

वास्तुशांतीला सरांनी मलाही बोलावलं. मी नवा ड्रेस घातला. आरती झाली आणि ती पट्टी लुकलुकायला लागली.

"अगं, तुझा दिवा देवाला डोळा मारतोय!" काकू हसत म्हणाल्या. सगळे हसले. मीही. "बघ ना जरा."

मी हात धुतले आणि आत गेले. वायर सैल झाली होती. काकूंच्या मोठ्या नणंद धुळ्याहून आल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्या दाराला टेकून सगळं कौतुकानं बघत होत्या.

"बठ्ठं भारी शे वं पोर. कोठली शे तू?"

"असोद्याची."

"असोदाम्हा कोठे?"

आमच्याकडे जात थेट विचारत नाहीत. गावात घर कुठे, ते विचारतात. मारुतीजवळ म्हणावं, नाहीतर चौकात. दोन्ही मला म्हणता आलं असतं.

"नाल्यापलीकडे," मी म्हणाले.

अक्कांनी काकूंकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"राहू दे गं. ये बाहेर," काकू म्हणाल्या. आवाज तसाच गोड. "इलेक्ट्रिशियन बघेल."

मग तो तांब्या.

सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. "पर्सनली घेऊ नकोस. जुनी माणसं आहेत." काकू माझ्या आईपेक्षा लहान आहेत.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवी ले." तिला नवल वाटलं नाही. ते जास्त लागलं.

काही दिवसांनी काकूंचाच फोन आला. इलेक्ट्रिशियनला ती पट्टी जमत नव्हती.

"अगं, फोनवरच सांग ना त्याला, कुठली वायर कुठे. तुला यायची काही गरज नाही."

म्हणजे माझा आवाज देवघरात चालणार होता. हात नाही. सांगून टाकणं सोपं होतं. आजवर मी तेच करत आले होते.

"काकू, मी येऊन करीन. देवघरात येऊन. नाहीतर नाही."



"अगं, एवढं काय त्यात!" त्या म्हणाल्या. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यापुढे नव्या कार्डांचा डबा ठेवला. वर फक्त माझं नाव. "साइटवर आडनाव कशाला? गावाचं नावही काढत बसू नकोस. जळगाव म्हण."

"पूर्ण नाव छापा, सर."

"मग साइटवर पाठवता येणार नाही."

मी डबा झाकून परत दिला. त्या दिवसापासून मी तिथे नाही.

ते देवघर आता ऑफिसच्या पेजवर आहे. खाली सरांचं नाव. फोटोत उजेड स्थिर आहे. कुणीतरी वायर लावली. माझ्यावाचून काही अडलं नाही.

आता मी एकटी काम मागते. भुसावळच्या एका बाईंनी नाव ऐकलं, गाव ऐकलं आणि म्हणाल्या, "कळवते." कळवलं नाही. दुसरीकडे दार अर्धंच उघडलं. बाप म्हणतो, "नाव कमी सांग, काम मिळेल." तो चुकत नाही. मिळेल.

तरी मी तसं करणार नाही. बेल वाजवायची. चप्पल काढण्याआधी, पाण्याचा ग्लास हातात येण्याआधी सांगायचं: आडनावासकट नाव, असोदा, नाल्यापलीकडे. ज्यांना दार लावायचं त्यांनी तेव्हाच लावावं. खोली मी सजवायची आणि पूजेनंतर मीच बाहेर निघायचं, हे आता होणार नाही. मग एकही घर मिळालं नाही तरी चालेल.

आधी नाव. मग माप.